गुरूच्या ओठांवरचे वाक्य

गाजलेला जुना चित्रपट नव्याने काढला जाणार असे कळले, की ज्यांनी मूळ चित्रपट पाहिला आहे त्यांना मत असते, आणि ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना फारच ठाम मत असते. हात आणि पाय यांखेरीज कोणतेही शस्त्र न उचलता गुंडांची सबंध टोळी लोळवणाऱ्या एका शिकाऊ तरुणाची ती गोष्ट. चित्रपट मुळात परभाषेतला. परंतु आपल्या भाषेतला आवाज अंगावर चढवून तो आला, तेव्हा लोकांनी त्याला असे आपलेसे केले की पडद्यावरची माणसे खरे तर दुसरेच काही बोलत होती, हे कोणाच्या ध्यानीही राहिले नाही. त्यातला गुरू दोर वळण्याच्या कारखान्यात काम करी. युद्धकला शिकायला आलेल्या तरुणाला तो सबंध हिवाळा तागाचे दोर वळायला लावतो, आणि तरुण शेवटी चिडून विचारतो, की मला मारायला कधी शिकवणार. त्यावर गुरू म्हणतो, "मूठ नंतर. आधी उभा राहा." हे वाक्य पुढे घरोघरी गेले. आया ते मुलांना ऐकवीत, गाडी चालवायला शिकवणारे शिकाऊ चालकांना ऐकवीत, आणि नव्या नवऱ्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकले की बायका त्यालाही ऐकवीत.

त्या चिडलेल्या तरुणाचा आवाज ज्यांनी दिला होता, ते आता साठीला टेकले होते. गुरूचा आवाज थोरल्या मास्तरांचा. डबिंगच्या त्या जुन्या खोलीत मास्तर गुरू झाले, म्हणून हे त्यांचे चेले झाले. आणि मास्तर जाऊन बरीच वर्षे लोटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, गुडघे कुरकुरू लागले, तरी धंद्यातले सारे त्यांना चेलोबा म्हणूनच ओळखत. जन्माचे नाव केवळ विजेच्या बिलावर येई.

नव्या चित्रपटाची झलक लोकांच्या फोनवर फिरू लागली, त्याच आठवड्यात चेलोबा केस कापायला गेले होते.

"पाहिली का झलक?" न्हाव्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड आवळत विचारले.

"पाहिली."

"मग?"

"मान सरळ धरू का तिरकी?"

"सरळच धरा. मत तिरकं असलं तरी चालेल."

शेजारच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेला पोस्टमन म्हणाला, "मारामारी मात्र झकास दिसतेय. मला तर आवडली."

"मारामारी नेहमीच झकास असते," चेलोबा आरशातल्या पोस्टमनला म्हणाले. "ती कशासाठी चालली आहे, ते बघायचं असतं. पहिली गोष्ट, आमचा नायक वीस वर्षांचा होता. घरदार सोडून आला होता. यांनी काय केलं? बारा वर्षांचं पोर आणून उभं केलं. दुसरी गोष्ट, दोराचा कारखाना गेला आणि तिथे लाँड्री आली. गुरू चादरी धुतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे गुरू हसतो. दात दाखवून हसतो. आमचा गुरू अडीच तासांत एकदाही हसला नव्हता, आणि तरीही लोक त्याच्यासाठी रडले."

"आता हसू द्या की बिचाऱ्याला. एवढी वर्षं झाली," न्हावी म्हणाला.

चेलोबांना हा विनोद लागला. पुढल्याच आठवड्यात रेडिओवर त्यांची मुलाखत झाली, तेव्हा त्यांनी हेच तीन मुद्दे तपशीलवार, उदाहरणे देऊन, एकामागून एक मांडले. शिवाय ओघात ते असेही बोलून गेले की या चित्रपटासाठी कोणी त्यांचा आवाज मागितला, तर ते तो देणार नाहीत. वास्तविक कोणी मागितला नव्हता. मुलाखत घेणारी मुलगी सभ्य होती; तिने तसे विचारले नाही. घरी आल्यावर बायकोने विचारले.

"कोणी बोलावलं होतं का तुम्हाला?"

"प्रश्न बोलावण्याचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"म्हणजे नाही बोलावलं," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

ही बाई उगाच खोचून बोलत नसे. तरुणांचे आवाज देण्यात चेलोबांची उमर गेली. त्यांचा आवाज फार काळ तरुण राहिला, आणि मग एका वर्षात अचानक म्हातारा झाला. तरुणांची कामे गेली. म्हाताऱ्यांच्या भूमिकांसाठी त्यांचे नाव कोणाच्या मनात येईना, कारण ते नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या कानात वीस वर्षांचा पोरगाच बोलू लागे. आताशा त्यांचा आवाज ऐकू येई तो फोनवर ताटकळणाऱ्यांना: आमचे सर्व प्रतिनिधी व्यग्र आहेत, कृपया प्रतीक्षा करावी.

"काल गॅसवाल्यांना फोन लावला होता," बायको म्हणाली. "अर्धा तास थांबवलंत तुम्ही मला. अगदी गोड बोलून. घरी कधी इतक्या गोड आवाजात थांबा म्हणाला नाहीत."

चेलोबा हसले, पण त्या हसण्यात दम नव्हता. पुन्हा एकदा एखाद्या माणसाच्या तोंडात, खऱ्याखुऱ्या दुःख असलेल्या माणसाच्या तोंडात, आपला आवाज बसावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि ती त्यांनी रेडिओवर, स्वतःच्या हाताने, दाराबाहेर काढली होती.

म्हणूनच दोन दिवसांनी डबिंगच्या बाईंचा फोन आला तेव्हा ते उठून उभे राहिले. नवा चित्रपटही परभाषेतलाच; त्याचे आपल्या भाषेतले संवाद बाईंनीच लिहिले होते आणि डबिंगही त्याच बसवीत होत्या. गुरूच्या आवाजासाठी एका प्रवेशाची चाचणी द्यायला येता का, असे त्यांनी विचारले. येतो, असे चेलोबा म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बायकोला म्हणाले, "समोर जाऊन नाही म्हणतो. फोनवर नकार देणं बरं दिसत नाही."

"हो ना," ती म्हणाली. "आणि नकार द्यायला इस्त्रीचा शर्ट लागतोच. काढून ठेवलाय बघा पलंगावर."

*

डबिंगची जागा एका छापखान्याच्या वर होती. जाड दार, भिंतींना करडा स्पंज, आत एक काचेची खोली. खोलीत एक मायक्रोफोन, कागद ठेवायचा तिरपा स्टँड आणि समोर पडदा. काचेच्या बाहेरच्या बाजूला ध्वनिमुद्रक बसे. त्याला सारे 'कान' म्हणत. तो क्वचित बोले, आणि बोलला की लोक पुन्हा रेकॉर्ड करीत.

बाहेरच्या बाकावर बंड्या डब्यातल्या सफरचंदाच्या फोडी खात बसली होती. बंड्या ही चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. तिचा गळा असा होता की पडद्यावरची सारी अवखळ, रडवी, खोडकर पोरे वीस वर्षे तिच्याच तोंडून बोलत आली होती. हे नाव तिला कोणी दिले ते आता कोणालाच आठवत नव्हते. नव्या चित्रपटातल्या शिकाऊ पोराचा आवाज अर्थातच तिचा होता.

"या काका," ती बाकावर सरकत म्हणाली. "रेडिओ ऐकला मी. काय धुतलंत हो आम्हाला. लाँड्रीसुद्धा इतकं स्वच्छ धूत नाही."

"तुला उद्देशून नव्हतं ते."

"माहितीय. पण पोरगा माझा आहे ना. म्हणून बोलते. तुम्ही म्हणालात, बारा वर्षांचं पोर कशाला. मला विचाराल तर तेच बरोबर आहे."

"कसं?"

"तुमचा हिरो वीस वर्षांचा. त्याला दोर वळायचा कंटाळा आला असता तर गाठोडं उचलून गेला असता. कोणी अडवलं नसतं. हे पोर कुठे जाईल? त्याला थांबावंच लागतं. मग गुरू चांगला आहे की वाईट, याला केवढा अर्थ येतो."

चेलोबा वादाला घाबरणारे नव्हते. त्यांनी मांडी बदलली. "तुझा मुद्दा ऐकायला बरा आहे, पण उलटा आहे. ज्याला जाता येतं आणि तरी जो जात नाही, त्याच्या शिकण्याला किंमत. अडकलेला काय, थांबणारच."

"अडकलेल्यांनाच जास्त शिकावं लागतं, काका," बंड्या म्हणाली आणि डबा त्यांच्यापुढे केला. "घ्या. गोड आहे."

त्यांनी फोड घेतली. ती चावून होईपर्यंत ते उत्तर जुळवीत राहिले.

बाई बाहेर आल्या. साधारण पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, बोलताना हातातल्या पेन्सिलीने हवेत खुणा करणाऱ्या.

"मुलाखत ऐकली मी तुमची," त्या म्हणाल्या.

"मग बोलावलंत कशाला?"

"नावं ठेवायलासुद्धा सिनेमा पाठ असावा लागतो. तुमच्याइतका कोणाला पाठ नाही." त्यांनी पेन्सिल दाराकडे वळवली. "दुपारी दुसरे एक जण यायचे आहेत. मालिकांमध्ये सासऱ्यांची कामं करतात. आवाज खोल विहिरीसारखा. निर्मात्यांना तेच हवे आहेत. मला तुम्ही हवे आहात. पण मला हवं म्हणून काही होत नाही, निर्मात्यांना तसं काही ऐकवता आलं पाहिजे."

नकाराचे जे वाक्य चेलोबांनी वाटेत चांगले घोळून तयार केले होते, ते त्यांनी मुकाट्याने गिळले आणि ते काचेच्या खोलीत शिरले.

*

प्रवेश तोच होता. पोर विचारते, मारायला कधी शिकवणार; आणि गुरू उत्तर देतो. मात्र बाईंनी ते प्रसिद्ध वाक्य बदलले होते. स्टँडवरच्या कागदावर ठळक अक्षरांत छापले होते: "उभा राहा. मूठ होईल." पडद्यावरच्या नटाचे ओठ जसे हलतात, जिथे मिटतात, तसे ते बसवले होते; कारण डबिंगमध्ये पहिला मान ओठांचा, दुसरा अर्थाचा, आणि लिहिणाऱ्याच्या अहंकाराचा क्रमांक फार खाली.

कानाने हेडफोनमध्ये सुरुवातीच्या खुणेचे तीन ठोके वाजवले. पडद्यावर गुरूचा चेहरा आला: रुंद, सुरकुतलेला, भुवईवर साबणाचा फेस. चेलोबांनी छाती भरून श्वास घेतला, गळा खाली उतरवला, आणि थोरल्या मास्तरांच्या त्या भारदस्त, शांत, दगडावर दगड ठेवल्यासारख्या स्वरात म्हणाले, "मूठ नंतर. आधी उभा राहा."

बाहेर बंड्या खुदकन हसली. बाईंनी काचेवर पेन्सिल वाजवली.

"चेलोबा, कागद."

"कागदावरचंच म्हणालो मी."

कानाने काही न बोलता ते पुन्हा वाजवले. खोलीत मास्तरांचे वाक्य घुमले. चेलोबांनी कपाळावर हात मारला. "चुकलं. पुन्हा घ्या."

दुसऱ्या खेपेला त्यांनी कागदावर बोट ठेवले. बोट 'उभा' या शब्दावर होते, आणि तोंडून 'मूठ' निघाला. तिसऱ्या खेपेला शब्द बरोबर आले. पण जिथे मास्तर थांबत तिथे चेलोबा थांबले, आणि पडद्यावरचा माणूस तेव्हा बोलून मोकळा झालेला होता. चौथ्या खेपेला पडद्यावरचा माणूस गप्प, आणि चेलोबा बोलून मोकळे. आता बंड्या हसत नव्हती. चेलोबांच्या मानेवर घाम आला. ज्या चित्रपटाशी त्यांनी इमान राखले, तोच त्यांच्या तोंडात ठाण मांडून बसला होता आणि नव्याला आत येऊ देत नव्हता.

"या नटाला वेळेचं भान नाही," ते मायक्रोफोनात म्हणाले. "वाक्याच्या आधी उगाच रेंगाळतो."

काचेपलीकडून कान पहिल्यांदा बोलला. "आवाज मास्तरांचा. थांबणं जुन्या सिनेमाचं. तोंड या माणसाचं. तिघं एका खोलीत मावत नाहीत."

"मग काय करू? आवाज बदलू?"

"आधी बघा. तो रेंगाळत नाहीये, तो कोणाकडे तरी बघतोय. तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही आहात."

हे ऐकून चेलोबांना राग यायला हवा होता. इतकी वर्षे या धंद्यात घालवलेल्या माणसाला पडद्याकडे बघ म्हणून सांगणे म्हणजे पोहणाऱ्याला पाणी ओले असते असे सांगणे. परंतु त्यांच्या मनात एक अडचणीचा हिशेब आला: त्यांनी नवा चित्रपट पाहिलाच नव्हता. झलक पाहिली होती. झलकेवर त्यांनी तीन मुद्दे उभे केले होते, आणि त्यांतला सर्वांत जोरकस मुद्दा एका हसण्यावर उभा होता, ज्याच्या मागचे आणि पुढचे त्यांना काहीच ठाऊक नव्हते.

त्यांनी हेडफोन काढून स्टँडवर टांगला. "आवाज बंद करा. सबंध प्रवेश दाखवा, पहिल्यापासून."

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. मग होकाराची मान हलवली.

*

आवाज काढून घेतला की पडद्यावरची माणसे फार उघडी पडतात. लाँड्रीचे मागले अंगण. तारांवर वाळत घातलेल्या चादरी, खाली चिखल. गुरू आणि पोर एका मोठ्या वाळलेल्या चादरीची दोन-दोन टोके धरून समोरासमोर उभे. घडी घालायची तर दोघांनी ताण सारखा ठेवला पाहिजे. एकाने अधिक ओढले की दुसरा पुढे जातो, एकाने सैल सोडले की मध्यभाग खाली येतो. गुरू पाय रोवून उभा. पोर पाय जोडून, चवड्यांवर. पोर काहीतरी तणतणून विचारते, आणि विचारता विचारता त्याच्या हातून टोके निसटतात. अर्धी चादर चिखलात.

पोराने काय केले, ते चेलोबांनी पुढे झुकून पाहिले. पोराने दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपर मिटले आणि खांदे कानांपर्यंत उचलले. ती युद्धकलेतली कोणतीही मुद्रा नव्हती. मार खाण्याची सवय असलेले मूल तसे करते.

गुरू त्याच्याकडे बघत राहिला. चेलोबांना रेंगाळणे वाटले होते ते हेच. मग गुरूने सावकाश आपल्या हातातली टोकेही सोडून दिली. सबंध चादर चिखलात गेली. आणि मग तो हसला, दात दाखवून, आपले रिकामे तळवे पोरापुढे धरून. पोराने कोपराच्या फटीतून पाहिले. हात खाली घेतले. तेव्हा कुठे गुरूचे ओठ हलले.

चित्र थांबले. छापखान्यातल्या यंत्रांची धडधड खालून पायांना जाणवत होती.

"झलकेत चादर पडताना दाखवली नाही," चेलोबा म्हणाले.

"झलक आहे ती, काका," बंड्या दारातून म्हणाली.

"तरी दोरच चांगला होता. दोराला पीळ असतो. चादरीला काय आहे?"

"दोर एकट्याला वळता येतो," बाई म्हणाल्या. "चादरीला दोघं लागतात."

चेलोबा म्हणाले, "यावर मला विचार करावा लागेल. पण आता नको. बाई, एक मागू का?"

"मागा."

"बंड्याला आत पाठवा. माझ्यासमोर उभी राहू दे."

कानाने मान वर केली. पूर्वी अशीच पद्धत होती: सगळे आवाज एकाच मायक्रोफोनभोवती, ज्याचे वाक्य येई तो एक पाऊल पुढे आणि बोलून झाले की एक पाऊल मागे. आता प्रत्येक जण एकटा येतो, आपले बोलतो, निघून जातो. पडद्यावर एकमेकांच्या गळ्यात पडणाऱ्यांची बाहेर ओळखही नसते. त्यात सोय असते. एकाचे चुकले तर दुसऱ्याचे वाया जात नाही.

"एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाईल," कान म्हणाला. "मग एक सुधारायचा तर दोन्ही टाकावे लागतात."

"मग सुधारायला लागणार नाही असं बोलू."

"आत्ताच चार वेळा चुकलात."

"तेव्हा मी एकटा होतो," चेलोबा म्हणाले.

कानाने बाईंकडे पाहिले, उठला, कपाटातून दुसरा मायक्रोफोन काढला आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत त्याची वायर जोडू लागला. त्या पुटपुटण्यात वेळ, म्हातारे आणि हट्ट असे शब्द ऐकू आले. पण मायक्रोफोन त्याने फार काळजीपूर्वक, दोघांच्या उंचीला बेतून लावला.

बंड्या आत आली. तिने चपला दाराशी काढल्या, कारण अनवाणी असल्याशिवाय तिला पोर होता येत नसे. ती चेलोबांच्या समोर उभी राहिली. पडदा तिच्या उजवीकडे, त्यांच्या डावीकडे.

"घाबरू नका, काका."

"मी नाही घाबरत. तू घाबर. तुझं काम आहे ते."

तीन ठोके पडले.

"रोज चादरी, रोज चादरी," बंड्याच्या तोंडून बारा वर्षांचे पोर उसळले, "मारायला कधी शिकवणार तुम्ही? मी काय धोबी व्हायला आलो..." आणि तिचा आवाज अर्ध्यावर तुटला. कागदावर पुढे काही लिहिलेले नव्हते. चादर पडते, तिथे बंड्याने फक्त श्वास आत ओढला आणि तो सोडलाच नाही. तिचे खांदे वर गेले. दोन मुलांची ती आई, चाळिशीची बाई, चेलोबांच्या डोळ्यांदेखत एवढीशी झाली आणि चापटीची वाट पाहत उभी राहिली.

चेलोबांना मास्तर आठवले नाहीत. काहीच आठवले नाही. समोरच्याला कसे कळवावे की इथे चापट येणार नाही, एवढेच त्यांच्या मनात उरले. आणि त्यांच्या गळ्यातून, त्यांनी न ठरवलेले, जरा घोगरे, जरा फाटके असे हसू आले. फोनवरच्या सूचनांसाठी रेकॉर्ड करताना हाच घोगरेपणा ते गरम पाण्याने धुऊन काढीत. बंड्याने श्वास सोडला. तो सुटल्याचे त्यांनी ऐकले, आणि मगच म्हणाले,

"उभा राहा. मूठ होईल."

पडद्याकडे त्यांनी तिरप्या नजरेने पाहिले होते, की पाहिलेच नव्हते, हे त्यांना नंतर सांगता आले नाही. बाहेरून कान म्हणाला, "वाजवतो."

त्याने वाजवले. रुंद चेहऱ्याचा माणूस पोराकडे बघत राहिला, तेव्हा आवाज नव्हता. तो हसला, तेव्हा ते हसू त्याचेच होते. त्याचे ओठ हलले, आणि जे वाक्य बाहेर आले ते त्याच्या ओठांवर असे बसले, की ते परक्या भाषेत जन्मले असेल अशी शंका कोणालाही येऊ नये. चेलोबांनी स्वतःचा आवाज ओळखला नाही. क्षणभर त्यांना वाटले की हा कोणी म्हातारा आहे, बरा माणूस दिसतो, याच्याशी ओळख करून घ्यावी.

"ओठ?" त्यांनी विचारले.

"शेवटी केसभर उशीर आहे," कान म्हणाला. "पण राहू द्या. त्यालाही वय आहे."

बंड्या नाक पुसत होती. "तुम्ही हसलात तिथे मला खरंच बरं वाटलं हो," ती म्हणाली. "मी पुढचं वाक्यच विसरले. बरं झालं, नव्हतंच."

बाई आत आल्या. पेन्सिल त्यांच्या कानामागे होती. "हे मी निर्मात्यांना पाठवते. आणि पाठवताना विचारणार नाही, सांगणार आहे. दुपारच्या गृहस्थांना फोन करते, ते विहिरीचं पाणी पुढच्या सिनेमाला."

"थांबा," चेलोबा म्हणाले. बाईंच्या चेहऱ्यावर शंका आली. या माणसाला आता तत्त्व आठवते की काय. "एक स्पष्ट सांगतो. बारा वर्षांच्या पोराबद्दल माझं मत बदललं आहे. हसण्याबद्दलही बदललं आहे. लाँड्रीबद्दल अजून बदललेलं नाही."

"बरं."

"आणि जुना सिनेमा तो जुना सिनेमा."

"त्याला कोण काय म्हणतंय?" बाई म्हणाल्या. "तुमच्या अटी पूर्ण झाल्या असतील तर पुढचा प्रवेश घेऊ या का? बंड्याला मुलांची शाळा सुटायच्या आत पोचायचं आहे."

"अट एकच. उरलेला सिनेमाही आम्ही दोघं समोरासमोर उभं राहूनच करणार."

सगळ्यांनी कानाकडे पाहिले. कानाने दुसऱ्या मायक्रोफोनची वायर, जी तो गुंडाळायला निघाला होता, पुन्हा जमिनीवर सोडली.

पुढच्या प्रवेशात गुरू पाठीवर कपड्यांचे भले मोठे गाठोडे घेऊन एका उंच इमारतीचे जिने चढून येतो आणि पोराच्या आईशी दोन शब्द बोलतो. बाईंनी कागद स्टँडवर लावला. "इथे धाप लागलेली हवी. त्या मालिकेतल्या सासऱ्यांना मी जागच्या जागी धावायला सांगणार होते. तुम्ही नुसते हात वरखाली केलेत तरी चालेल."

"माझ्या वयाच्या माणसाला धाप उसनी आणावी लागत नाही, बाई," चेलोबा म्हणाले. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाचे वरचे बटण काढले, पडद्याकडे तोंड केले आणि त्या रुंद चेहऱ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत, नव्या शेजाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. "याचा डावा गुडघा दुखतो," ते म्हणाले. "पायरीवर आधी उजवा टाकतोय. धाप तिथून सुरू होईल. चला, ठोके द्या."